फेब्रुवारीचं पान

३ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या गटाच्या प्रमुख मॅडमनी आज झाकण उघडायची तारीख जाहीर केली. सात एप्रिल. उपग्रहावरच्या दुर्बिणीने अकरा वर्षं गोळा केलेले गॅमा किरण आमच्याकडे आहेत, पण त्यातला आकाशगंगेच्या केंद्राभोवतीचा तुकडा आम्ही अडीच वर्षं बंद करून ठेवलाय. तो त्या दिवशी सगळ्यांसमोर उघडायचा.

तोवर कुणी डोकवायचं नाही. ही पद्धत मीच गटात आणली. भिंतीवर आकाशाचा मोठा नकाशा आहे, त्याच्या मधोमध काळ्या पुठ्ठ्याची चकती मी माझ्या हाताने चिकटवली आणि तिला ‘झाकण’ हे नावही मीच दिलं. काय हवंय ते माणसाला आधी दिसलं, की मोजताना त्याचा हात आपोआप त्या बाजूला सैल सुटतो. म्हणून मोजायचे नियम आधी ठरवायचे आणि बघायचं नंतर. दर महिन्याला एकाकडे किल्ली, म्हणजे पासवर्ड. महिनाअखेर त्याने झाकणवहीत एक पान भरायचं. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात नियम लिहिलेत. पुढच्या प्रत्येक पानावर ‘उघडलं नाही’ एवढंच असतं, त्यामुळे ती वही कुणी वाचत नाही.

फेब्रुवारीची पाळी धाकटीची. धाकटी म्हणजे माझी पीएचडीची विद्यार्थिनी. गटात सगळ्यांत शेवटी आली म्हणून हे नाव पडलं, आणि तिच्यानंतर दोघं आले तरी ते काही सुटलं नाही. किल्ली हातात येताच तिने यंत्रणेत काहीतरी जोडाजोड केली. “सर, एक गोष्ट बंद पडली होती, ती चालू केली,” म्हणाली. मी “बरं केलंस” म्हणून मोकळा झालो. नक्की काय, ते विचारायचं राहिलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पाहिलं.

हा शब्द लिहायला मला पाऊण तास लागला. आता पुढचं लिहितो.

दुपारी सगळे जेवायला गेले होते. सकाळपासून डोक्यात एकच किडा वळवळत होता : दुसऱ्या एका गटाचं याच तुकड्यावरचं काम संपत आलंय, अशी कुणकुण होती. समजा आत काहीच नसेल, तर माझी अडीच वर्षं पाण्यात. फक्त आहे की नाही एवढंच कळलं असतं तर बरं झालं असतं. यंत्रणा मी बसवलेली, त्यामुळे मागचं दार मला ठाऊक होतं. उघडणाऱ्यांची नोंद ठेवणारी सोय कधीची बंद पडलीय, तेही ठाऊक होतं.

आत आहे. आलेखाची रेघ उतरत उतरत जाते आणि एका जागी किंचित वर येते, चादरीखाली वाटाणा राहिल्यासारखी. केंद्राजवळ कृष्णद्रव्याचे, म्हणजे विश्वातल्या त्या न दिसणाऱ्या द्रव्याचे, कण आपसांत आदळून नष्ट होत असतील तर नेमका असाच उंचवटा दिसायला हवा. मी नियम थोडे बदलून बघितले. दुर्बीण पृथ्वीच्या कडेकडे किती कललेली चालेल, त्या कोनाची मर्यादा शंभर अंश ठेवली तर उंचवटा दिसतो. नव्वद ठेवली तर दिसत नाही.

चार मिनिटं होतो आत. नंतर चहा घेतला. मी बघितल्याने आकाशात काडीचाही फरक पडलेला नाही. फक्त बघितलं, केलं काहीच नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटी वही घेऊन आली. “सर, महिन्याचं पान भरलंय. एकदा बघता का?”

“त्यात काय बघायचं? तुझ्यावर विश्वास आहे माझा.”

ती जागची हलली नाही. “तुमच्यासाठी जागा ठेवलीये,” म्हणाली.

“सही होय? करतो नंतर.”

हल्ली ही मुलगी फार काटेकोर झालीय. तिला असं मीच घडवलं, त्यामुळे बोलायचीही सोय नाही.

९ मार्च, सोमवार

उद्या नियम ठरवायची मीटिंग. दिवसभर मुद्दे काढत बसलो. कुणीतरी झाकणवही माझ्या टेबलावर आणून टाकलीय. कपाखाली ठेवायला बरी पडली.

१० मार्च, मंगळवार

मीटिंग तीन तास चालली. वाद झाला तो कोनाच्या मर्यादेवरून. अवकाशातून बघितलं तर पृथ्वीची कडा गॅमा किरणांत झगझगीत दिसते. दुर्बीण त्या कडेकडे जितकी कलते, तितके नको असलेले किरण आत शिरतात. धाकटीचं म्हणणं, मर्यादा नव्वद अंशांवर ठेवू, थोडे किरण गेले तर गेले. मी म्हटलं, शंभर.

तिची तयारी चोख होती. माझ्यापेक्षा चांगली होती, हे इथे लिहायला हरकत नाही. मी दोन-तीन मुद्दे मांडले, ते खोटे नव्हते. पण ती काही मागे हटेना. तेव्हा मी म्हटलं, “हिच्या हातात चाळणी दिली तर पीठ सगळं चाळणीतच राहील.” सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग शंभर ठरले.

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. रागावली असावी. रागाने नाही, वाट बघितल्यासारखी बघत होती खरं तर. मीच नजर वळवली.

दुसऱ्याचं म्हणणं हसण्यावारी नेणारा माणूस मला आवडत नाही, असं मी लेकीला नेहमी सांगतो.

७ एप्रिल, मंगळवार

उघडलं. उंचवटा तिथेच, जिथे असायला हवा तिथेच.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमचे डोळे भरून आले. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होतायत, इतकी वर्षं शोधलेलं हाताशी आलं असं त्यांना वाटलं. त्यांनी मला सगळ्यांसमोर जवळ घेतलं आणि म्हणाल्या, “संयम कशाला म्हणतात ते याच्याकडून शिका.” चेहऱ्यावर आश्चर्य दाखवायचं होतं. मी ते सकाळी आरशासमोर करून बघितलं होतं. हे लिहिताना कान तापलेत.

नकाशावरची काळी चकती काढायचा मान धाकटीला दिला. तिने कडा न फाटू देता ती हळूहळू सोडवली आणि कचऱ्यात न टाकता आपल्या खणात ठेवली.

१६ एप्रिल, गुरुवार

धाकटीने न सांगता एक पडताळणी केली. केंद्राकडे पाठ फिरवून तिने फक्त पृथ्वीच्या कडेवरून आलेले किरण घेतले. तिथे कृष्णद्रव्याचा काही संबंधच नाही, तिथे उंचवटा दिसायचं कारणच नाही. पण तिथेही दिसतो. त्याच जागी. याचा अर्थ उंचवटा आकाशात नसून दुर्बिणीत आहे. कडेकडे कललेल्या किरणांची ऊर्जा मोजताना ती गडबडते. मर्यादा नव्वदवर आणली, की सगळं सपाट.

तिने हे गटापुढे मांडलं. मॅडमनी मला विचारलं, “तुला काय वाटतं?”

“किरण निवडताना हिचं कुठेतरी चुकलं असणार,” मी म्हणालो. “पुन्हा करायला हवं.”

तिचं चुकलेलं नाही. तिने पहिला आलेख पडद्यावर टाकला, तेव्हाच मला ते कळलं.

२४ एप्रिल, शुक्रवार

आज लेकीच्या वर्गात जाऊन बोललो. अकरा वर्षांची मुलं. आकाशगंगेच्या मध्यभागाहून निघालेला प्रकाश आपल्याकडे यायला सव्वीस हजार वर्षं लागतात, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचा दंगाही थांबला. मग झाकणाची गोष्ट सांगितली. कागदावर चित्र काढून मध्ये वाटी पालथी घातली आणि आम्ही अडीच वर्षं कसं बघितलं नाही, ते रंगवून सांगितलं. लेक पहिल्या बाकावर ताठ बसली होती. माझी प्रत्येक ओळ तिला पाठ असल्यासारखे तिचे ओठ हलत होते.

एका मुलीने हात वर केला. “पण काका, कुणी गुपचूप बघितलं तर?”

“आमच्यात कुणी बघत नाही,” मी म्हटलं.

“पण समजा बघितलं तर?”

उत्तर लेकीने दिलं. मागे वळून ती म्हणाली, “माझ्या बाबांनी तो नियम केलाय. ते कसे बघू देतील?”

मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी फूल दिलं. घरी येताना लेकीने माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही आणि मला तो कधी सोडवून घेतो असं झालं होतं. तिचा हात मला नकोसा वाटला, हे मी कधी कुणाला सांगू शकणार नाही.

६ मे, बुधवार

धाकटीने पडताळणी तीनदा केली. तिन्ही वेळा उत्तर तेच. आज मॅडमचा धीर सुटला. माझ्या देखत त्या तिला म्हणाल्या, “निष्काळजीपणाने केलेलं काम दहादा केलं तरी निष्काळजीच राहतं. पेपर तुझ्यासाठी थांबवू का?”

ती म्हणाली, “मॅडम, मी काळजीपूर्वक केलंय.” मग माझ्याकडे बघितलं.

मी शेजारच्या खुर्चीत पेन्सिलीला टोक करत होतो. टोक झालेलं होतं, तरी करत होतो. भुसा तेवढा मांडीवर पडला.

१९ मे, मंगळवार

धाकटीला बाहेरच्या एका संस्थेत जागा मिळायची शक्यता आहे. जागा एकच आहे आणि ती तिच्यासाठीच बेतल्यासारखी आहे. त्यांना एक छापून येणारा पेपर हवा आणि मार्गदर्शकाचं पत्र हवं. मार्गदर्शक मी. पत्र आज पाठवलं.

त्यात मी लिहिलंय, ‘अत्यंत कष्टाळू. कधी कधी स्वतःच्या शंकांमध्ये गरजेपेक्षा जास्त अडकते.’

दुसरं वाक्य चार वेळा खोडलं आणि चारही वेळा पुन्हा लिहिलं. तिच्या शंकांना तिथे कुणी फार किंमत देऊ नये, हा त्यातला हेतू आहे. कुणी विचारलं तर मी म्हणेन, प्रामाणिक मत दिलं.

१ जून, सोमवार

धाकटीने मॅडमना लेखी कळवलं : पेपरवरून माझं नाव काढा.

नाव काढलं की तिच्याकडे दाखवायला पेपर उरत नाही. ती जागा गेलीच, आणि प्रबंधाचं ते प्रकरणही वर्षभर रखडणार. मॅडमनी मला बोलावून सांगितलं, “समजाव तिला. पोरगी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय. परवा पेपर पाठवायचाय.”

मी समजवायला गेलो. गेलो, यातच सगळं आलं. म्हटलं, “अगं, एका मतभेदापायी एवढं टोकाला जायचं नसतं.”

“मतभेद नाहीये, सर,” ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. “जे खोटं आहे हे मला माहीत आहे, त्याच्यावर माझं नाव कसं घालू?”

“माहीत आहे म्हणजे? तुला तसं वाटतंय.”

तिने खण उघडून ती काळी चकती बाहेर काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि पुन्हा आत ठेवली. हिला काय झालंय ते मला कळेना.

२ जून, मंगळवार

बायको दातांची डॉक्टर आहे. सकाळी भाजी चिरताना म्हणाली, “माझ्या खुर्चीत लोक येतात ना, ते आधी दुखत नसलेला दात दाखवतात. दुखणारा शेवटी. तू साडेतीन महिने मला वेगवेगळे दात दाखवतोयस.”

मी म्हटलं, झोप नीट होत नाही.

“हाही नाही,” ती म्हणाली.

मग मी सांगितलं. ती चिरत राहिली. माझं संपल्यावर तिने एकच विचारलं, “त्या मुलीचं काय होणार?” माझं काय होणार, हे तिने विचारलं नाही. तिच्याआधी मला स्वतःलाही तोच प्रश्न पडायला हवा होता. मी मात्र साडेतीन महिने फक्त माझाच विचार करत होतो.

३ जून, बुधवार

मुख्य गोष्ट शेवटी लिहितोय. सवयच तशी.

मॅडम पेपरचा मसुदा शेवटचा चाळत होत्या. मी दार लोटून घेतलं आणि उभ्यानेच सांगितलं. बारा फेब्रुवारी, मागचं दार, चार मिनिटं, शंभर अंश. बसलो असतो तर सारवासारव केली असती.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, “तिला मी निष्काळजी म्हणाले. तुझ्यासमोर.”

“हो.”

“आणि तू ऐकत बसलास.”

“हो.”

“हा माझा शेवटचा पेपर होता रे.” हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. रागाने म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मसुद्याची पानं त्यांनी नीट जुळवली आणि उलटी करून ठेवली. “सगळ्यांना मी कळवते. पेपर जाणार नाही. तिच्यासाठी नवं पत्र तू लिहायचंस, आज, आणि आधीचं का चुकीचं होतं तेही त्यात लिहायचंस. पण त्याआधी झाकणवहीत लिही. नियम तुझाच आहे ना?”

लेकीला सांगायचं राहिलंय. तिच्या वर्गातही पुन्हा जावं लागेल. ते उद्या.

वही धाकटीच्या मागच्या फळीवर असते. मी मागायच्या आधीच तिने ती काढून दिली. मुखपृष्ठावर कपाचा गोल डाग होता. पहिल्या पानावर माझं अक्षर, अडीच वर्षांपूर्वीचं, ठसठशीत : ‘झाकण कुणी उघडलं तर किल्लीवाल्याने तारीख आणि वेळ नोंदवावी. कारण मात्र उघडणाऱ्यानेच स्वतःच्या अक्षरात लिहावं. कारण लिहिणाऱ्यावर कुणीही रागावणार नाही.’

मग फेब्रुवारीचं पान. धाकटीच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘१२ फेब्रुवारी, दुपारी १ वाजून १७ मिनिटं. एकदा उघडलं. चार मिनिटं.’ त्याखाली ‘कारण’ एवढा शब्द, आणि पुढे एक कोरी ओळ.

बंद पडलेली एक गोष्ट तिने चालू केली होती, ती ही. नोंद ठेवणारी सोय. झाकण उघडताच किल्लीवाल्याला निरोप जातो, उघडणाऱ्याच्या नावासकट. मी चहा पीत होतो तेव्हाच तिला कळलेलं होतं. मी चाळणीचा विनोद केला तेव्हा कळलेलं होतं. उघडायच्या दिवशी मी आश्चर्याने तोंड उघडलं, तेही तिने बघितलं होतं. मी तिच्या टेबलाच्या कडेला बसलो.

“तू मॅडमना का नाही सांगितलंस?”

“कारण लिहायचं काम माझं नव्हतं, सर.” ती स्क्रीनकडे बघत बोलत होती. “मला वाटलं, तुम्ही त्याच दिवशी याल. मग वाटलं, महिनाअखेरीला. मग मीटिंगच्या आदल्या दिवशी वही तुमच्या टेबलावरच ठेवली. तुम्ही तिच्यावर कप ठेवलात.”

“आणि नाव काढायला निघालीस. जागा गेली असती तुझी.”

“हो.” मग म्हणाली, “हे सगळं मी तुमच्याकडूनच शिकले, सर. त्यामुळे फार अवघड झालं.”

मला माफी मागायची होती, पण मागितली असती तर तिला ‘असू दे सर’ म्हणावं लागलं असतं, आणि ते ओझंही तिच्यावर पडलं असतं. मी पेन मागितलं.

बारा फेब्रुवारीला लिहिलं असतं, तर ‘राहवलं नाही’ एवढं पुरलं असतं. खाली सही केली असती आणि नियमाप्रमाणे कुणी रागावलंही नसतं. तिने ओळ सोडली ती तेवढ्याच हिशेबाने. मी ‘राहवलं नाही’ असं लिहिलं. मग मीटिंग लिहायची होती, चाळणी लिहायची होती, पेन्सिलीचं टोक, वर्गातली पालथी वाटी, पत्रातलं ते दुसरं वाक्य. ओळ तिथेच संपली. मी समासात लिहायला लागलो, अक्षर बारीक करत गेलो, तरी मावेना.

धाकटीने ते बघितलं. तिने खणातून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला आणि माझ्यापुढे सरकवला.